उसने देव

चंद्रकला अभ्यासाले बसली का चिमण्या दाणे टिपायचं सोडून रसायनशास्त्र ऐकत, असं पांढुर्ण्यात अजूनही सांगतात. ज्याले पटत नसन त्यानं चिमण्याइले विचारावं. पण चौऱ्याऐंशी साली डाक्टरकीच्या परीक्षेत तिचे अकरा मार्क कमी पडले, ही काही गप्पा नव्हे. राखीव यादीत नाव गेलं तं जबलपूरच्या कॉलेजात तिची जागा पक्की होती. त्याले जातीचा दाखला लागे, अन् कायदा असा का महार हिंदू असन तं दाखला, बौद्ध झाला असन तं काही नाही.

तिचा बाप सुखदेव जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी उचले. छप्पन साली त्यानं नागपुरात धम्म घेतला, अन् परत येऊन घरचे देव जाम नदीत सोडले. ते दगडाचे देव पोहत पोहत सावरगावच्या काठाले लागले, असं तो दरवर्षी छाती फुगवून सांगे. यंदा त्यानं सांगितलं नाही.

चंद्रकलाचे गणिताचे अरविंद मास्तर म्हणाले का शाळेच्या रजिस्टरात नुसती जात आहे, धर्माचा रकाना कोरा आहे. दाखल्यासाठी पटवारी घर पाहाले येईन, त्याले देव दिसले का झालं. अन् त्यांनी आपल्या घरचे चार पितळी देव पिशवीत घालून देल्ले.

सुखदेवनं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला, फडक्यात गुंडाळला अन् ज्वारीच्या कोठीत ठेवला. कोणता देव कुठं बसवावा हे घरात कोणालेच ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोनं, सुमननं, गणपती भिंतीकडं तोंड करून बसवला होता. तो पोरीनं फिरवला.

"बा, तुमच्या जिवाले लागत असन तं राहू द्या," चंद्रकला म्हणाली.

"तू गप राय. डाक्टर झाली का माह्या वाटचंही तूच बोल."

पटवारी यशवंतराव कोतवालाले घेऊन आले. देव पाहिले, चहा घेतला, पूजा कोण करते म्हणून विचारलं. चंद्रकलानं मान खाली घालून मी करते म्हणलं. सुखदेव ज्वारीच्या कोठीकडं पाठ करून उभा राहिला. पटवाऱ्यानं सारं कागदावर लिवलं, घडी घातली अन् दारात उभं राहून हात जोडले.

"रामराम."

चंद्रकलानंही हात जोडले. बोलणं फुटलं तवापासून दारातल्या माणसाले जे म्हणत आली, तेच तिच्या तोंडून निघालं.

"जय भीम."

कोतवालानं पटवाऱ्याकडं पाहिलं. पटवाऱ्यानं घडी घातलेला कागद परत उघडला.

"मी एकटा असतो तं ऐकलं नसतं, सुखदेव," ते म्हणाले, अन् त्यांनी कागद उभा फाडला.

ते गेले. पोरगी हात जोडूनच उभी होती, आता थापड बसन म्हणून. सुखदेवचा हात उठलाही होता. पण घरात कोणी जय भीम म्हणलं अन् त्याले जवाब भेटला नाही, असं या उंबऱ्यावर कधी झालं नव्हतं.

"जय भीम, माय," तो म्हणाला.

चंद्रकला रडली नाही. पुढच्या साली परत बसते म्हणाली. अकरा मार्क म्हणजे काही डोंगर नाही, एक साल घरी अभ्यास करू द्या, आणून दाखवते.

सुखदेवनं हो म्हणून मान हालवली. कापसाच्या धुळीनं त्याची छाती गेली होती अन् दिवाळीपर्यंतच काम करू शकसान असं डाक्टरानं सांगितलं होतं. हे त्यानं घरात अजून कोणाले सांगितलं नव्हतं.