काकूंची आरोळी

शेजारच्या काकूंना गावात भोंगा म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. सूर्यफुलं भरायला लागली की मचाणावर चढून त्या "हुर्र हो" अशी आरोळी ठोकायच्या, की पोपटांचा थवा आमचंही शेत सोडून पळायचा. बांधाला बांध, त्यामुळे आमची राखण फुकटात व्हायची. यंदा ऐन दाणे भरायच्या तोंडावर काकूंचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, तीन महिने एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

"मग पिकाचं काय?" काकांनी डॉक्टरांनाच विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बोलता येत असतं तर काकांनी बरंच ऐकलं असतं.

उपाय ओसरीवरच टांगलेला होता. तीन वर्षांपूर्वी ढोलीतून पडलेलं पोपटाचं पिल्लू काकूंनी भिजवलेली डाळ भरवून जगवलं होतं. आता राघूच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ उमटला होता आणि तो काकूंची आरोळी हुबेहूब मारायचा. कधी मारेल याचा मात्र नेम नव्हता. काकांनी शिकवणी लावली. आरोळी मारली की सूर्यफुलाचा एक दाणा, गप्प बसला की काही नाही. पंधरा दिवसांत राघूचं तोंड मिटेना.

काकांनी पिंजरा मचाणावर टांगला आणि स्वतः खाली सावलीत आडवे झाले.

"काका, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं," मी म्हटलं.

"तू नुसता बघ. शिकवलेलं पाखरू आहे."

आरोळीमागे दाणा तर द्यायला हवा, आणि दर वेळी वर चढायचा कंटाळा. म्हणून काका खालूनच मूठ भिरकावायचे. एखादा दाणा पिंजऱ्यात पडायचा, बाकीचे मचाणावर. तिसऱ्या दिवशी ते टिपायला एक रानपोपट आला. पाचव्या दिवशी दहा आले. आठव्या दिवशी आरोळी झाली की अख्खा थवा उतरू लागला, आधी मचाणावर, मग पिकावर. मी धावत जाऊन "हुर्र हो" ओरडलो, तर आणखी पंचवीस आले.

"घरचा भेदी निघाला हा," मी म्हटलं.

"आवाज लांबवर पोचत नसेल," काका म्हणाले.

दुपारी काकू भाकरी घेऊन आल्या. बांधाकडची फुलं पार पोकळ झालेली. वर्षभराचं तेवढंच एक पीक. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या आवाजानं त्यांनी आजवर पीक राखलं, तोच पाखरांना जेवायला बोलावत होता.

डोळे पुसून त्या मचाणावर चढल्या आणि पिंजरा उतरवला. पाखरांनी नासवलेली चार-पाच फुलं तोडून पदरात घेतली.

"अगं, कुठं चाललीस त्याला घेऊन?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. स्वतःसाठी नव्हे, काकांसाठी.

ओढ्यापलीकडच्या पडीक माळावर त्यांनी पिंजरा झाडाला टांगला आणि खाली फुलं चुरडून टाकली. राघूनं आरोळी ठोकली. थवा आमच्या डोक्यावरून ओढा ओलांडून गेला. महिनाभर काकू रोज तेच करत राहिल्या. निम्म्याहून जास्त पीक हाती लागलं, आमचं तर जवळजवळ सगळंच.

काका दुकानासमोर बसून सांगू लागले, "डोकं लागतं. पाखरू शिकवायचं, आणि मग योग्य वेळी लांब न्यायचं. पहिल्यापासून हेच ठरवलं होतं मी." काकू शेजारून जायच्या, ओठ मिटून. घरी भिंतीवर रोज एक रेघ ओढायच्या.

तीन महिने भरले त्या दिवशी मीही त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली.

"छान. आता बोला बघू काहीतरी. अगदी हळू."

काका कौतुकानं पुढे वाकले. काकूंनी घसा साफ केला.

"पिंजरा मी हलवला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळलं नाही. आवाज मात्र उत्तम आहे, असं त्यांनी कागदावर लिहिलं.