माई मुसेकिवाची काळी कॉलर

रुवांगा मिशनच्या आवारात त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुरुवार म्हणजे महिला मंडळाच्या प्रार्थनेचा दिवस. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, पांढरी टोपी आणि गळ्याशी कडक पांढरी कॉलर, अशा बायकांच्या रांगा निलगिरीखाली बसल्या होत्या. एरवी त्या बायबल उघडून बसायच्या. आज मात्र सगळ्यांच्या माना हरारेहून आलेल्या संदेष्टा झेफनायाकडे वळलेल्या होत्या. त्याने भर उन्हात जांभळा कोट, जांभळं जाकीट आणि टोकदार बूट चढवले होते. तो घामाने निथळत होता आणि हा घाम पवित्र आत्म्याचा आहे, असं माइकवरून सांगत होता.

"माझ्या आयांनो," झेफनाया गरजला, "या तपकिरी बाटलीत जॉर्डन नदीचं पाणी आहे. दवाखान्याच्या गोळ्या रक्तात काळोख कालवतात. हे पाणी तो काळोख बाहेर खेचतं. ज्यांनी चोरून गोळ्या खाल्ल्या, त्यांचा गळा आज बोलणार."

त्याने एक डहाळी पाण्यात बुडवली आणि रांगांवरून शिंपडत निघाला. पाणी फिक्या चहासारखं दिसत होतं. पांढऱ्या कॉलरींवर थेंब पडले आणि बघता बघता शाईसारखे काळेनिळे झाले. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत डाग पसरत गेले. बायकांनी तोंडात बोटं घातली. संदेष्ट्याबरोबर शहरातून आलेल्या भक्तिणी झुळझुळीत झग्यांत मिरवत होत्या. त्यांच्या अंगावर तेच पाणी पडलं, पण डाग म्हणून उमटला नाही.

डाग पडला तरी उपाय संदेष्ट्याच्या दुसऱ्या खिशात तयारच होता. कोंबडी आणायची, त्याच्या पायाशी ठेवायची, मग तो 'कृपाजल' नावाच्या गढूळ पाण्यात बुडवलेल्या फडक्याने कॉलर पुसायचा आणि डाग खरोखरच नाहीसा व्हायचा. दुपारपर्यंत त्याच्या गाडीच्या हौद्यात इतक्या कोंबड्या जमल्या की त्यांच्या कलकलाटात स्तोत्रं ऐकू येईनात. चर्च रिकामं पडत चाललंय म्हणून पाळकसाहेबांनीच त्याला बोलावलं होतं. इतकी गर्दी बघून ते प्रसन्न चेहऱ्याने बसून होते.

पहिल्या रांगेत मंडळाची अध्यक्ष बसली होती. मुसेकिवाची आई म्हणून गाव तिला माई मुसेकिवा म्हणे. मिशनच्या दवाखान्यातर्फे ती सायकलवरून घरोघर फिरायची, पोरांची वजनं करायची, कोण गोळ्या वेळेवर घेतं आणि कोण टाळतं यावर लक्ष ठेवायची. तिच्या कॉलरीवर चांगला बशीएवढा डाग पडला होता.

"माई, कोंबडी कुठंय?" संदेष्ट्याने माइक तिच्या तोंडासमोर धरला.

"कशाला? मी आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही."

"ज्यांना झाकायचं असतं, ते असंच बोलतात."

"आणि घेतली असती तरी त्यात पुसायचं काय? गोळी म्हणजे काय शेण आहे?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. कुणी कुजबुजलं, "लोकांना उघड गोळ्या वाटते आणि स्वतः चोरून घेते बघ." माईने रुमालाने मान खसाखसा पुसली, रुमाल कमरेला खोचला आणि डागासकट बसून राहिली. तिच्या शेजारी तिची सून चेनेसाई बसली होती, सात महिन्यांची पोटुशी. तिच्याही कॉलरीवर भरपूर पाणी पडलं होतं आणि कॉलर पांढरीशुभ्र होती.

"ही बघा निर्मळ लेक," झेफनाया ओरडला. "हिच्या पोटातल्या बाळाला देवाने हात लावलाय. पुढच्या गुरुवारी मी परत येतोय. घरात असतील तेवढ्या गोळ्या घेऊन या. या ड्रममध्ये त्यांची होळी करू."

माईने सुनेचा हात धरून तिला उठवलं. चेनेसाई रोज एचआयव्हीच्या गोळ्या घेत होती. गरोदरपणाच्या तपासणीत कळलं तेव्हा ती महिनाभर रडली होती. जोहान्सबर्गला खाणीत असलेल्या मुसेकिवालाही सांगून झालं होतं आणि तोही तिकडे त्याच गोळ्या घेत होता. बाळाला लागण होऊ नये म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही, असं दवाखान्यातल्या सिस्टर प्रिस्काने बजावलं होतं. हे गुपित गावात माई आणि सिस्टर यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्या आल्या चेनेसाई आरशापुढे उभी राहिली.

"आई, बघा ना. मी रोज घेते तरी डाग नाही. म्हणजे माझ्यात काही उरलंच नाही."

"अगं, मग मी घेत नाही तर माझी का काळी झाली?"

"ते मला काय माहीत." सून खाली बघून म्हणाली. "पण मी आता घेणार नाही. त्या डबीकडे बघितलं की मला माझीच किळस येते. आज पहिल्यांदा कुणीतरी मला सगळ्यांदेखत निर्मळ म्हणालं."

माईला राग यायच्या ऐवजी रडूच आलं. त्या पोरीला बरं व्हायचं होतं, एवढाच काय तो तिचा गुन्हा. जांभळ्या कोटातल्या भामट्याने नेमकं तेच हेरलं होतं.

त्या भामट्यावरच्या रागाचा निचरा करायला माईने कॉलर धुवायला घेतली. मंडळात कॉलर कडक नसेल तर बाईला नवऱ्याने टाकल्यागत बघतात आणि माईची कॉलर तर पत्र्यासारखी उभी राहायची. नवऱ्याने मला नायलॉनची कॉलर पाठवली, असं सुनेने कौतुकाने दाखवलं होतं तेव्हा माईने नाक मुरडलं होतं. "खळ नाही, इस्त्री नाही, ही काय कॉलर आहे? मेलेल्या माशासारखी पडलीये." मक्याच्या पिठाची पेज गाळून तिने वाडग्यात खळ काढली. कमरेचा ओला रुमाल ओढून बाजूला टाकायला गेली तो निसटून वाडग्यात पडला.

पांढरी खळ काळीनिळी झाली.

माई वाडग्याकडे बघतच राहिली. मक्याच्या पेजेने कधी गोळी घेतली होती? तिने सुनेला हाक मारून वाडगा दाखवला.

"तुमचा घाम उतरलाय त्यात," चेनेसाई म्हणाली आणि पाठ फिरवून झोपायला गेली.

माईने रुमाल डब्यात कोंबला, झाकण घट्ट लावलं आणि सायकल थेट दवाखान्याकडे हाणली. सिस्टर प्रिस्काने रुमाल हुंगला आणि कपाळावर हात मारला.

"माई, मागं तुमचा गुडघा फुटला तेव्हा मी काय लावलं होतं?"

"ते झोंबणारं तपकिरी औषध."

"आयोडीन. हे तेच आहे, पाणी घालून पातळ केलेलं. पिठुळ काहीही असू दे, मका, बटाटा, खळ, आयोडीन लागलं की काळंनिळं होतं. आम्ही हे शाळेतच केलंय." तिने लिंबू कापून डागावर पिळलं. डाग विरून गेला. "आणि हे तुमचं कृपाजल. लिंबाचं सरबत, बिनसाखरेचं."

माईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुवांग्यात सगळ्या बायका कॉलरीला मक्याची खळ घालत होत्या. शहरातल्या भक्तिणींच्या झग्यांना खळ नव्हती. सुनेची कॉलर नायलॉनची होती. चांगल्या कडक कॉलरींचा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

"मग गुरुवारी तुम्ही उभ्या राहा आणि सांगा की सगळ्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, गिऱ्हाईक तुटतंय म्हणून सिस्टर बोंबलतेय."

"मग आपण त्याला जेवायला वाढू," माई म्हणाली. "फक्त जरा गार झालेलं. चालेल ना?"

"गारच पाहिजे. गरम अन्नावर रंग टिकत नाही."

त्या आठवड्यात चेनेसाईने डबीला हात लावला नाही. माईने समजावलं, दटावलं, एकदा हातही जोडले. सून पोटावरून हात फिरवत बसायची. माईला नातवाची काळजी अन्न गोड लागू देईना.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. ड्रममध्ये गोळ्यांच्या डब्या आणि गाडीच्या हौद्यात नव्या कोंबड्या पडू लागल्या होत्या. पाहुण्याला मंडळाने जेवू घालायचं ही रीतच होती, म्हणून संदेष्ट्यापुढे मेज मांडलं. त्यावर कोंबडीचा रस्सा आणि सादझा आला. सादझा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा, त्याशिवाय इथे जेवण होत नाही. झेफनायाचं प्रवचन इतकं लांबलं की तो गोळा दगडासारखा गार झाला. माई आतून खूश होती.

ती रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली, ओंजळीने टाळ्या वाजवल्या, पाहुण्याच्या हातावर पाणी घातलं. मग अगदी नम्रपणे म्हणाली, "संदेष्टेबाबा, अन्नावर जॉर्डनचे दोन थेंब पडू देत."

"अन्न माझ्या प्रार्थनेनेच शुद्ध होतं, आई."

"पण हा मका दवाखान्याच्या मळ्यातला आहे. त्याने गोळ्या खाल्ल्या असल्या तर?"

लोक हसले. एक म्हातारा ओरडला, "शिंपडा की बाबा, आमच्या बायकांवर शिंपडताना हात आखडला नव्हता." झेफनायाने हसून खिशातली गढूळ बाटली काढली.

"ती नव्हे, तपकिरी," माई म्हणाली. मेजावरची बाटली तिच्या हाताशीच होती. तो "थांब" म्हणेपर्यंत तिने ती सादझावर उलटी केली होती.

गोळा काळाठिक्कर पडला. रांगा मोडून लोक मेजाभोवती दाटले.

"मळणारीने गोळ्या घेतल्यात," झेफनाया किंचाळला. "तिचा हात लागलाय त्याला."

"मळलाय पाळकसाहेबांच्या बायकोने," माई म्हणाली.

पाळकसाहेबांचा प्रसन्न चेहरा पहिल्यांदाच उतरला. सिस्टर प्रिस्का पुढे आली. दवाखान्यातली बाटली, उकडलेला बटाटा आणि लिंबू तिने मेजावर ठेवलं आणि सगळा खेळ पुन्हा करून दाखवला, मंत्र न म्हणता आणि कोंबडी न घेता. मग तिने म्हाताऱ्याच्या हातात बाटली दिली आणि त्याला घरून आणलेल्या त्याच्याच शिदोरीतल्या सादझावर टाकायला लावलं. खळीची गोष्ट कळली तशी प्रत्येक बाईचा हात आपापल्या कॉलरीकडे गेला. तेवढ्या वेळात संदेष्ट्याने गाडी गाठली. बायकांनी हौद्याची फळी पाडली आणि त्याला जाऊ दिलं. जॉर्डनचा हा वाहक घाईत माइक विसरून गेला आणि कोंबड्या मात्र आपापल्या घरच्या दिशेने निघाल्या.

माइक सिस्टरने उचलला.

"आजार रक्तात असतो, कॉलरीत नसतो. तो रक्त तपासून कळतो आणि औषधाने काबूत राहतो. माझ्यावरही नुसता विश्वास ठेवू नका. ही बाटली घरी न्या, ज्यावर वाटेल त्यावर टाका, काय होतं ते स्वतः बघा आणि मला येऊन विचारा. त्याने आपली बाटली कधी तुमच्या हातात दिली होती का? जो तपासू देत नाही, त्याच्या हातून पाणीसुद्धा घेऊ नका."

रांगेतून चेनेसाई उठली. ती गळ्याशी हात धरून पुढे आली.

"आई, माझी कॉलर पांढरी राहिली, ती..."

"नायलॉनची आहे, पोरी. तिला खळ लागत नाही. तेवढ्यावरून मी तुला किती घालूनपाडून बोलले."

चेनेसाईने त्या काळ्या सादझाला बोट लावून बघितलं. मग तिने ब्लाउजमधून एक पांढरी डबी काढली. ती ड्रममध्ये टाकायलाच आणली होती, हे माईला लगेच कळलं. माईने तिच्यापुढे आडवं होऊन लोकांची नजर अडवायला पाहिलं. चेनेसाईने सासूला हळूच बाजूला केलं.

"असू द्या, आई. मला पाणी द्या."

माईने तांब्या पुढे केला. साऱ्या मंडळादेखत चेनेसाईने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि तांब्या परत दिला. थोड्या वेळाने मागच्या रांगेतली एक बाई उठली, ड्रमपाशी गेली आणि आत हात घालून आपली डबी शोधू लागली.