म्हाताऱ्या गाईचे हिरवे ठिपके

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या मोठ्या पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकले आणि गुरांच्या बाजारातला लिलावाचा हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारी आई हात जोडून उभी होती.

"बघा, माउलींनो!" थेंबगुरू ओरडला. ओठांच्या कोपऱ्यात साचलेली थुंकी तो जिभेने टिपत होता. "मघाशी या म्हातारीच्या रक्तात रोगाशी लढणारे शिपाई किती होते? मूठभर! थेंब पोटात गेले, आणि आता? फौज! गाईचं वय उतरतं, तर तुमचं का नाही उतरणार?"

"आधी माझ्या गुडघ्यांचं उतरवा!" मागून एक आजोबा म्हणाले. "बाकीचं राहू दे!"

खांबाला बांधलेली हाडकुळी गाय रवंथ करत होती. तिला काही फरक पडलेला दिसत नव्हता.

बाबांना रक्ताचा कर्करोग होता. इस्पितळातलं औषध लागू पडत होतं. मग या थेंबांची बाटली घरात आली, औषध थांबलं आणि बाबा गेले. आता आईने स्वतःच्या हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. बाबांची उरलेली बाटली ती संपवत होती, आणि आज दुसरी घ्यायला आली होती. म्हणून मी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना सोबत आणलं होतं. त्या गुरांच्या डॉक्टर.

गाईचं रक्त सगळ्यांसमोर काढलं जाई. मग थेंबगुरूचा मेहुणा ती नळी घेऊन 'रंग मिसळायला' मागच्या कापडी पडद्याआड जाई. बाईंची नजर त्या कापडावरून हलत नव्हती.

"रंग इथेच मिसळा की," त्या उठून म्हणाल्या.

"ताई, या रंगाला उजेड सोसत नाही."

"मग दिवे मालवा. नळी मी धरते."

"शास्त्र आहे हे! भाजीबाजार नाही!"

"शास्त्र कधीपासून पडदानशीन झालं?"

हॉल हसला, आणि मग थेंबगुरूला नाही म्हणता येईना. बाईंनी गाईचं रक्त स्वतः काढलं, मंद उजेडात रंग घातला, नळी क्षणभरही हातची सोडली नाही. मोठ्या पडद्यावर पुन्हा तेच मूठभर ठिपके.

"अविश्वासाची हवा लागली!" थेंबगुरू म्हणाला.

"फौज हवेने पळाली होय?" आजोबांनी विचारलं.

मी पुढे जाऊन कापड ओढलं. मागे एक वासरू होतं. आखूड दोरी, पायांखाली शेणाचा चिखल, मानेवरचे केस भादरलेले. तिथे जुन्यानव्या टोचण्यांची चाळण झाली होती आणि ताज्या रक्तावर माशा बसल्या होत्या.

"ही तुमची फौज," बाई लोकांना म्हणाल्या. "कापडाआड नळीत याचं रक्त भरत होते. हिरवा रंग धरणाऱ्या या पांढऱ्या पेशी वासराच्या रक्तात पुष्कळ असतात. वय वाढेल तसं त्यांचं प्रमाण घटतं. हा काही रोग नव्हे. वासराची फौज मोठी, पण सगळी नवी भरती. साध्या हगवणीने दगावतं बिचारं. म्हातारीच्या रक्तात जुन्या रोगांना ओळखणाऱ्या पेशी असतात. नुसते हिरवे ठिपके मोजून ताकद कळत नाही."

थेंबगुरू मागच्या दाराने सटकला. गर्दीतल्या एक काकू त्याच्यामागे धावल्या. "अहो, थांबा! माझी बाटली राहिली!"

बाहेर बाकावर आई पिशवी घट्ट धरून बसली होती. आत बाबांची बाटली होती.

"मीच पाजले गं," ती म्हणाली. "शेवटी त्यांना नको व्हायचे. तोंड फिरवायचे. तरी चमचा लावून पाजले."

थेंब खोटे ठरले तर हे तिच्यापाशी उरणार होतं. म्हणून तिला ते खरे असायला हवे होते. इतके दिवस मी तिला अडाणी समजून वाद घालत होते.

"तू जीव वाचवायला पाजलेस, आई. खोटं त्याने विकलं. त्याचं पाप तू कशाला वाहतेस?"

तिने पिशवी उघडली. मग तिने बाटली गटारात उपडी केली.

"माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यात, आठवत नाही."

"मला माहीत आहे. चल."

ती आता रोज गोळी घेते, तोंड वाकडं करून. तुमच्याही घरी अशी बाटली असेल, तर विकणाऱ्याला एवढंच म्हणा: कापड बाजूला करा आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा. तो चिडला, तर उत्तर मिळालं. आणि डॉक्टरांचं औषध तोवर बंद करू नका. आम्ही केलं होतं.