नवरदेवाचा दोष

डॉक्टरीणबाईंचा हात खांद्यापर्यंत थोरलीच्या आत होता आणि नजर स्टुलावर ठेवलेल्या मशीनच्या पडद्यावर होती. मोतद्दाराने घोडीचं तोंड धरून ठेवलं होतं. तिच्या मानेवरून हात फिरवत तो पडद्याकडे न बघण्याची शिकस्त करत होता. बघून त्याला काही कळणार नव्हतं, पण बाईंचा चेहरा मात्र त्याला दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काही चांगलं लिहिलेलं नव्हतं.

"रिकामी आहे," बाई म्हणाल्या.

"जरा नीट बघा ना, बाई."

"अहो, नीटच बघतेय. एवढ्या दिवसांचं शिंगरू असतं तर मशीन कशाला लागलं असतं? हातालाच लागलं असतं."

बादलीवर एक पाय ठेवून दारात उभा असलेला मॅनेजर सरळ झाला. "रिकामी कशी असेल? ही गाभण आहे म्हणून यानेच तर सांगितलं होतं! काय रे?"

थोरलीने मान वळवून मोतद्दाराच्या खांद्यावर जबडा टेकवला. तिला तपासणीची सवय होती. शिंगरं देऊन देऊन तिची पाठ झोळीसारखी खाली आली होती. तिची शिंगरं कुठे कुठे पळाली, जिंकली, त्यांचे फोटो मालकांच्या दिवाणखान्यात लागले. थोरलीचा फोटो कुणी लावला नव्हता.

आता हे गाभण असण्या-नसण्याचं काम त्या घोड्यांच्या फार्मवर कसं चालायचं ते सांगायला हवं. मालक पैसेवाले होते आणि पैसेवाले जिथे चिकटपणा करतात तिथे हमखास करायचे. डॉक्टर बोलवायचा तो हंगाम संपल्यावर एकदा, खात्री करून घ्यायला. तोवर सगळा कारभार नवरदेवावर.

नवरदेव हा एक काळा, ठेंगणा, गावठी घोडा. छातीइतक्या उंच लाकडी फळीच्या एका बाजूला त्याला उभं करायचं आणि पलीकडे घोडी आणायची. घोडी माजावर असली तर ती फळीला रेलते, शेपटी बाजूला करते, हलायचं नाव घेत नाही. म्हणजे ती रिकामी. कान मागे टाकून, किंचाळून तिने लाथ झाडली तर समजायचं, गाभण असण्याची शक्यता आहे. घोडी राजी दिसली की नवरदेवाला मागे ओढायचं, ठाणावर नेऊन बांधायचं आणि तिच्यासाठी मोठ्या घराण्यातला घोडा आणायचा. नवरदेवाचं सगळं आयुष्य असं गेलं होतं. नाव नवरदेव आणि लग्न दर वेळी दुसऱ्याचं. त्याला फळीपाशी नेणारा आणि तिथून मागे खेचणारा माणूस म्हणजे हा मोतद्दार. तरुणपणी नवरदेवाने एकदा त्याचा दंड चावून काढला होता, पण त्याबद्दल मोतद्दाराने त्याला कधी बोल लावला नाही. आपणही चावलो असतो, असं तो म्हणायचा.

हंगामाच्या सुरुवातीला मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "थोरली गेल्या वर्षी रिकामी गेली. आता परत रिकामी निघाली की ट्रक." तो ट्रक घोडे वजनावर विकत घ्यायचा. पुढे त्यांचं काय होतं ते कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं.

थोरलीला मोठ्या घराण्यातला घोडा दाखवला. काही आठवड्यांनी मोतद्दाराने तिला फळीपाशी आणलं. सकाळची वेळ होती, आसपास कुणी नव्हतं. झाड लाथ, बाई, तो तिच्या कानात म्हणाला, एक लाथ झाड. थोरली शांतपणे मागे सरली, फळीला रेलली आणि तिने शेपटी बाजूला केली. पलीकडे नवरदेव फार्म डोक्यावर घेऊन ओरडायला लागला.

"काय झालं रे?" अंगणाच्या टोकाकडून मॅनेजर ओरडला. त्याच्या कानाला फोन होता.

मोतद्दाराने दोन्ही घोड्यांना घाईघाईने वेगळं केलं. "लाथ घातली, साहेब! अशी घातली की फळी हादरली!"

"शाब्बास! सोड तिला गाभण घोड्यांत."

इतकं सोपं होतं ते. थोरली मागच्या कुरणात गेली, गाभण घोड्यांचं चांगलं खाऊ लागली, अंगाने भरली. मोतद्दार स्वतःची समजूत घालत राहिला. काही घोड्या गाभण असूनही माज दाखवतात, हे त्याने ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं. थोरली त्यातलीच असेल, का नसावी? माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तिच्या बाजूने पुरावे कमी पडत नाहीत.

त्याची बायको तिथेच तबेले झाडायची. ती एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "अहो, थोरली कुंपणाला चिकटून उभी असते. नवरदेवाच्या ठाणाकडे तोंड करून."

"मग? उभं राहायला बंदी आहे?"

"शेपटी वर करून उभी असते."

"तू झाडू मार. घोड्यांचं मी बघतो."

"बघता ना? मग झालं." तिने भाकरी जरा जोरातच ताटात टाकली. "गेल्या महिन्यातही तशीच उभी होती, म्हणून म्हटलं."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. त्याला मात्र कुरणाच्या बाजूने जायचं झालं की दुसरीकडे काहीतरी काम आठवायला लागलं.

आणि आता डॉक्टरीणबाई लांब हातमोजा उतरवत उभ्या होत्या. "मला याचंच नवल वाटतंय," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "आतून काही बिघडलेलं नाही. घोडी दर तीन आठवड्यांनी व्यवस्थित माजावर येत असणार. पहिल्या वेळेलाच मला कळवलं असतं तर पिशवी धुऊन, औषध देऊन परत घोडा दाखवला असता. या वयाच्या घोड्या पुष्कळदा दुसऱ्या खेपेला धरतात."

"दुसरी खेप ठेवलीच होती की!" मॅनेजर कपाळावर हात मारत म्हणाला. "मालकांनीच सांगितलं होतं, थोरलीला हवे तेवढे चान्स द्या, हंगाम संपेपर्यंत घाई करू नका. घोडा महिनाभर इथेच बसून खात होता. आता तो गेला आणि हंगामही गेला."

मोतद्दाराच्या हातातली दोरी सैल झाली. "हे मला कुणी सांगितलं नाही, साहेब."

"तुला कशाला सांगायचं? तुझं काम घोडी फळीला लावायची आणि ती काय करते ते सांगायचं."

एवढंच तर काम होतं. त्याला एकदम ओरडावंसं वाटलं. तुम्ही ट्रकची धमकी चारचौघांत दिलीत आणि दुसरी खेप मात्र खिशात ठेवलीत, म्हणून मी तिला वाचवायला गेलो, असं सांगावंसं वाटलं. पण तसं सांगायचं तर आधी लाथेचं सांगावं लागलं असतं, आणि लाथेचं सांगितलं की फार्मवरची खोली गेली, बायकोचं झाडण्याचं काम गेलं, या वयात नवी नोकरी कोण देणार?

"मग ही लाथ आली कुठून?" मॅनेजरने विचारलं.

मोतद्दाराने खाली बघितलं. "नवरदेव थकलाय, साहेब," तो म्हणाला. "त्याच्यात आता दम राहिला नाही. घोड्या त्याला भीक घालत नाहीत. माजावर असल्या तरी चिडून लाथ मारतात."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे क्षणभर निरखून बघितलं. मग त्या मशीन पेटीत भरू लागल्या. त्यांना पुढे आणखी कुठेतरी जायचं होतं.

"असं होय," मॅनेजर म्हणाला. "मग त्याला तरी कशाला पोसायचं?"

मोतद्दार दोरी धरून थोरलीला ठाणाकडे घेऊन गेला.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. थोरली ट्रकला लावलेल्या उतरत्या फळीवर चढेना. ड्रायव्हरने ओढून पाहिलं, मागून छडी मारली, तेव्हा मोतद्दार धावत पुढे झाला. "मारू नका! हा काळा आधी चढवा. ती येईल मागून."

नवरदेव मोतद्दाराच्या मागे मुकाट चढला. त्याला वाटलं असेल, चालायचं आणि मागे ओढलं गेलं की फिरायचं, नेहमीचंच काम. या खेपेला त्याला मागे कुणी ओढलं नाही. थोरली लगबगीने वर आली आणि त्याच्या अंगाला अंग लावून, शेपटी बाजूला करून उभी राहिली.

ड्रायव्हर खो खो हसला. "अरे, ही तर माजावर आहे! तुमच्यात घोडीतलं कळणारं कुणी नाही का रे?"

"नाही," मोतद्दार म्हणाला.

"पट्टे काढून घे," मॅनेजर खालून ओरडला. "तोंडाचे पट्टे आपले आहेत. ते दोरावर नेतील."

त्याने थोरलीचा चामडी पट्टा सोडला. नाकावर जिथे तो वर्षानुवर्षं घासला होता तिथे केस नव्हते. तिने सवयीने त्याच्या खांद्यावर जबडा टेकवायला मान पुढे केली, पण तो नवरदेवाचा पट्टा सोडायला वळला होता. तिच्याकडे परत न बघता तो खाली उतरला. ट्रक गेला.

मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मालकांना सांगितलं मी. नवरदेवाचा दोष तू वेळीच ओळखलास, नाहीतर पुढचाही हंगाम गेला असता. खूश आहेत तुझ्यावर. नवा घोडा येईल तो तुझ्याच ताब्यात. नवरदेवाचा हा पट्टा धुऊन ठेव, नव्याला होईल."

नळाशी बसून मोतद्दार पट्टा धूत होता. बकलात अडकलेले काळे केस निघत नव्हते, म्हणून तो ते नखाने एकेक ओढत होता. बायको झाडू ठेवून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी धुते."

त्याने पट्टा दिला नाही. ती थोरलीचं ठाण झाडायला निघून गेली.