फोटोतला हात

"काकू, हा हात कुणाचा?"

सकाळी शेगडीवर चहा ठेवून त्यानं संगणक उघडला, तेव्हा त्याच्या वेबसाइटवर, मेणाच्या डागाच्या पानाखाली पहिली प्रतिक्रिया ही होती. लिहिणारी बाई जुनी वाचक. खरं नाव तिनं कधी सांगितलं नव्हतं, ‘निळी छत्री’ या नावानं लिहायची. तिच्याखाली आणखी तिघांनी लिहिलं होतं.

"मलाही हेच विचारायचं होतं."

"काकूंच्या अंगठ्याखाली इस्त्रीनं भाजल्याची खूण असते. ह्या हाताला तर केस आहेत."

"काकू बऱ्या आहेत ना?"

मागे चहा उतू गेला. त्यानं उठून शेगडी बंद केली, फडक्यानं पुसून काढली आणि पुन्हा येऊन बसला. मग स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवून नीट बघितला. केस होते.

आदल्या संध्याकाळी पान प्रसिद्ध करताना त्यानं नेहमीसारखं सगळं तपासलं होतं. मथळा बरोबर आहे का, पहिल्याच ओळीत उत्तर आहे का, फोटो जड तर होत नाही ना, फोनवर पान कसं दिसतं. सगळं बघितलं. हात तेवढा बघायचा राहिला. दिवसभर जो डोळ्यांसमोर असतो, त्याच्याकडे कोण बघतं?

काकू म्हणजे त्याची बायको. ती हिवाळ्याच्या तोंडाला गेली. घरच्यांना, शेजाऱ्यांना ठाऊक होतं. वाचकांना आज कळणार होतं.

दोघांचं पूर्वी कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. इस्त्री तो करायचा, डाग ती काढायची. इमारत पाडायला काढली तेव्हा दुकान गेलं, पण गिऱ्हाईकं काही जाईनात. जिन्यात गाठून विचारायची, "काकू, कोटावर ग्रीस लागलंय, काय करू?" ती भाजीची पिशवी खाली ठेवून सांगत बसायची. मुलगी म्हणाली, "आई, रोज तेच तेच सांगतेस. बाबा, तुम्ही एक वेबसाइट काढा ना." मुलगी बोलून मोकळी झाली आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. वेबसाइट याच्या गळ्यात पडली.

त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इस्त्रीवाला माणूस, चिकाटी होती. पहिलं पान उघडायला इतका वेळ घ्यायचं की बायको म्हणाली, "तोवर डाग वाळून जाईल." त्यानं फोटो हलके केले. मग त्याला एकेक उमगत गेलं. एका पानावर एकच डाग. माणूस घाबरून आलेला असतो, पाहुणे बसलेले असतात, त्याला आधी उत्तर द्यायचं, कारणं मागून. जाहिरात उत्तराच्या वर ठेवायची नाही. खाली ठेवली की लोक तिच्याकडे रागानं बघत नाहीत. आणि मथळ्यात लोकांचे शब्द घालायचे. लोक ‘तेलकट डाग निर्मूलन’ असं शोधत नाहीत; ‘शर्टाला तेल लागलं काय करू’ असं शोधतात. हे त्याला कुणी शिकवलं नाही. दुकानाच्या फळीपलीकडे उभं राहून लोक जसं बोलायचे, तसं त्यानं लिहिलं, आणि लोक आले.

ती मात्र एका गोष्टीवर अडून असायची. त्यानं काहीही लिहिलं की विचारायची, "हे आपण केलंय का?"

"अगं, सगळीकडे असंच लिहिलंय."

"सगळ्यांनी केलंय का?"

मग जुन्या पांढऱ्या चादरीचे चौकोन कापायचे, त्यावर डाग पाडायचा, वाळू द्यायचा, आणि काढून बघायचा. निघाला तर पान, नाही निघाला तरी पान; ‘हा डाग निघत नाही, उगाच कापड घासू नका’ असं लिहायचं. त्या न निघणाऱ्या डागांच्या पानांवरच लोकांचा जास्त विश्वास बसला. फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीत काढायचा, उन्हं थेट येण्याआधी.

हाताचं खूळही तिचंच. त्यांचे फोटो दुसरे लोक सर्रास उचलायचे. तो म्हणाला, फोटोवर आडवं आपलं नाव टाकू. ती म्हणाली, "नावानं डाग झाकला जाईल. माझा हात ठेवा मध्ये. फोटो चोरतील, हात कुठनं आणतील?" तेव्हापासून प्रत्येक फोटोत तिचा हात, चिमटीत कापडाचे दोन तुकडे, एक आधीचा, एक नंतरचा. तरी चोरायचे ते चोरतच राहिले. एकदा एका पुरुषानं ‘माझे प्रयोग’ म्हणून तोच हात आपल्या वेबसाइटवर लावला, तेव्हा हिनं जेवता जेवता असं हसायला घेतलं की घास अडकला.

ती गेली तेव्हा पुढची बरीच पानं तयार होती, फोटोंसकट. तो एकेक सोडत राहिला. खाली कुणी शंका विचारली की शक्य तेवढं उत्तर द्यायचा, ‘काकू’ म्हणून सही कधी केली नाही. पण सांगितलंही नाही. सांगायचं तर लिहावं लागणार होतं, आणि लिहून झालं की ते झालंच.

मग तयार पानं संपली. त्यानं मेणाचा डाग निवडला. मेण कागद आणि इस्त्रीनं निघतं, आणि इस्त्रीत त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. डाग छान निघाला. त्या खुशीत त्यानं खिडकीत जाऊन, तिच्यासारखे दोन तुकडे चिमटीत धरून, डाव्या हातानं फोटो काढला.

दहाच्या सुमाराला मेहुणा आला. फोटोकॉपीचं दुकान उघडण्याआधी तो रोज डोकावून जायचा. बहीण होती तेव्हापासूनची सवय.

"दाजी, पाहिलंत का? पार हाताच्या केसांपर्यंत पोचले लोक."

"पाहिलं."

"मग पुसून टाका की त्या प्रतिक्रिया. फोटो बदला. ताईचे शेकड्यानं फोटो पडलेत, त्यातला एक लावा. आज त्या माणसाला उत्तर द्यायचंय, विसरलात?"

विसरला नव्हता. माणूस म्हणजे जाहिरातींचा दलाल, मेहुण्यानंच आणलेला. एका धुण्याच्या पावडरीच्या कंपनीला वर्षभरासाठी ही वेबसाइट हवी होती. खरं तर हवा होता तो हात. ती गेल्याचं दलालाला माहीत होतं. तो म्हणाला होता, "त्यात अडचण काहीच नाही. हात आहे, लिहिण्याची ढब आहे. सल्ले मशीन लिहील, अगदी काकूंसारखे. लोकांना कळणारसुद्धा नाही."

आणि गरज होती. आताशा सर्चमध्ये वरच्या वर उत्तर मिळायला लागलं होतं. लोक डाग विचारत, तिथंच उत्तर वाचत आणि पानावर न येताच परत जात. उत्तर पुष्कळदा याचंच असायचं, वाचणारा मात्र याच्या दारात यायचा नाही. जाहिरातींचं उत्पन्न उतरणीला लागलं होतं. हा करार झाला असता तर घराची चिंता मिटली असती. वेबसाइट बंद पडली तर या वयात इस्त्रीच्या टेबलाशी परत उभं राहायचं, आणि गुडघे ऐकणार नव्हते.

"दाजी, मी काय म्हणतो," मेहुणा खुर्ची ओढून बसला, "ताईचं नाव चालू राहील ना. वाईट काय त्यात?"

"नाव राहील. पण त्याखाली लिहिलेलं तिनं केलेलं नसेल."

"लोकांना डाग निघाल्याशी मतलब."

"निघाला नाही तर कुणाला बोलतील?"

मेहुण्यानं चष्मा काढला. मग म्हणाला, "ताईलाच."

"मग?"

"मग काय! तुम्ही दोघं सारखेच हट्टी. तिकडे ती, इकडे तुम्ही. मधल्या मध्ये माझं सँडविच." त्यानं डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवायला चष्माही पुसला. "चहा आहे का?"

"उतू गेला. नवा टाक."

मेहुणा चहा टाकत होता तेव्हा मुलीचा फोन आला. तिनंही पान पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही कापड अगदी आईसारखं धरलंय."

"हं."

"सांगून टाका आता. मलाही मेसेज येतायत. मी काय सांगू लोकांना?"

"सांगतो. आत्ताच लिहायला बसलो होतो."

"रडत लिहू नका हं. आईला चिडायला कारण मिळेल."

"ती कशाला चिडेल?"

"मोठी वाक्यं लिहिलीत तर चिडेल."

हे खरं होतं. त्यानं फोन ठेवला आणि त्या पानाखालीच लिहिलं. लिहिताना आपलाच नियम पाळला: उत्तर पहिल्या ओळीत.

‘हा हात माझा आहे. काकू हिवाळ्याच्या सुरुवातीला गेल्या. मी त्यांचा नवरा. इतकी वर्षं वेबसाइट मी चालवत होतो आणि डाग त्या काढत होत्या. जुन्या पानांवरचं सगळं त्यांनी स्वतः करून पाहिलेलं आहे, ते तसंच राहील. यापुढे ज्या पानावर हा केसाळ हात दिसेल, ते मी करून पाहिलेलं असेल. मला त्यांच्याइतकं येत नाही. जे येत नाही ते लिहिणार नाही.’

‘केसाळ’ हा शब्द मेहुण्यानं वाचला आणि चहाचा कप हातात धरून फिस्सकन हसला. "हे राहू द्या. हे ताईला आवडलं असतं."

ज्यांनी आपले ईमेलचे पत्ते दिले होते त्यांना दर शनिवारी एक पत्र जायचं. आज शनिवार नव्हता. तरी त्यानं तेच पत्र म्हणून सगळ्यांना पाठवलं. सर्चमधून येणारा माणूस डाग घेऊन येतो आणि डाग गेला की जातो. पत्रवाले राहतात. धंदा उभा राहतो तो राहणाऱ्यांवर, हे त्याला फार आधी कळलं होतं, आणि म्हणूनच सर्चची गर्दी असतानाही त्यानं एकेक पत्ता जपून जमवला होता. मेहुणा तेव्हा त्याला ‘पोस्टमन’ म्हणायचा.

दुपारी दलालाचा फोन आला.

"हे काय केलंत? कंपनीनं वाचलंय. आता हाताला काय किंमत राहिली?"

"बरोबर आहे तुमचं."

"अजूनही काहीतरी करता येईल. तुमच्याच हातानं करू. ‘काकूंचा वारसा’ असं काहीतरी. पावडर तुम्ही वापरताय असं दाखवू."

"तुमच्या पावडरीनं चहाचा डाग निघतो का?"

"ते कंपनी बघते हो."

"मी बघितलाय. निघत नाही. ग्रीसचा निघतो, चांगला निघतो. तसं लिहू द्याल का?"

दलाल हसला, थोडा मनापासून. "नाही लिहू देणार."

"मग राहू द्या."

त्यानं फोन ठेवला. मेहुण्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "घ्या! आता तुम्ही आणि तुमचा केसाळ हात. मी जेवायला येतो, एवढंच सांगा, काय आणू?"

संध्याकाळपर्यंत पत्राला उत्तरं येत राहिली. काहींनी पत्ता काढून टाकला, ते त्यानं पाहिलं आणि पुढे गेला. बाकीच्यांनी लिहिलं होतं. एका नर्सनं लिहिलं, की गणवेशावरचं रक्त गार पाण्यानंच धुवायचं हे तिला काकूंनी शिकवलं, नर्सिंगच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. हॉटेलात चादरी धुणाऱ्या एका माणसानं फक्त ‘फार वाईट झालं’ एवढंच लिहिलं, आणि मग खाली ओळ सोडून, ‘शाईच्या डागाचं दुसरं काही मिळालं तर कळवा.’ निळ्या छत्रीनं सगळ्यात शेवटी लिहिलं.

"मी तसं विचारायला नको होतं. माफ करा. पण एक सांगते, तुम्ही इस्त्री मेणावर फार वेळ धरली आहे. कडेला कापड पिवळं दिसतंय. काकूंनी ते तसं सोडलं नसतं."

त्यानं फोटो मोठा करून पाहिला. कडेला खरंच पिवळट झाक होती. इस्त्रीतलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि चूक इस्त्रीतच निघाली होती. तो मोठ्यानं हसला. घरात कुणी नव्हतं, तरी हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं यायच्या आधी, त्यानं नवा चौकोन कापला, मेण पाडलं, कागद ठेवला आणि इस्त्री पटकन उचलली. कापड पांढरं राहिलं. नवा फोटो लावला, जुना खाली ठेवला आणि लिहिलं, ‘पहिल्यांदा माझं चुकलं होतं. वाचकांनी दाखवलं.’ त्या आठवड्यात त्यानं ग्रीसचं पान नव्यानं केलं, हॉटेलवाल्याला शाईबद्दल उत्तर दिलं, शनिवारचं पत्र शनिवारी पाठवलं. पत्रात पावडरीबद्दल जे होतं ते लिहिलं, कंपनीचं नाव न घेता. महिन्याचं भागेल असा त्याचा अंदाज होता. नाही भागलं तर पानं वाढवायची. डाग काही संपत नाहीत.

वेबसाइटच्या तळाशी ‘आमच्याविषयी’ असं एक पान आहे. ते तिनं सांगितलं होतं आणि त्यानं लिहिलं होतं, अगदी सुरुवातीला. त्यावर फोटो नाही, दोनच ओळी आहेत. ‘इथं आम्ही दोघं आहोत. डाग ती काढते, बाकीचं मी बघतो.’

बाकी सगळी पानं त्यानं तपासून दुरुस्त केली. ते एक पान बदलायचं राहिलं आहे.