मेलीदेपर्यंतची सोबत

माझ्या नवऱ्याचं, ब्राइसचं, प्रेत नवव्या दिवशी किनाऱ्याला लागलं. ते सापडावं म्हणून माझ्या सासऱ्यांनी, एवारिस्तोंनी, सांतियागोच्या तीर्थाला पायी येईन असा नवस बोलला होता. दुखऱ्या गुडघ्यांपायी ते चार वर्षं राहून गेलं. यंदा मे महिन्यात ते निघाले. पालास दे रेइ ते मेलीदे, पहिल्या दिवसाचे पंधरा किलोमीटर मी सोबत करणार होते. तेवढ्या वाटेत मला त्यांना सांगायचं होतं की मी लुगो शहरातल्या रामिरोशी लग्न करतेय.

मी तोंड उघडलं की ते काहीतरी खायला घालायचे. सान शुलियानच्या चर्चपाशी त्यांनी पिशवीतून सॉसेज भरलेली एम्पानादा काढली.

"बाबा, मला तुमच्याशी जरा..."

"आधी खा गं. नुसत्या हवेवर चालणार आहेस?"

लेबोरेइरोला शलगमाचा पाला आणि बटाटे घातलेलं गरम कालदो सूप झालं. फुरेलोसच्या दगडी पुलावर चीज. माझे शब्द त्यासोबत पोटात जात राहिले.

मेलीदेला पोचल्यावर ते सरळ ऑक्टोपसच्या खानावळीत शिरले. मी दारातच थबकले. ब्राइसची बोट बुडाल्यापासून आमच्या घरात मासळी शिजली नव्हती. समुद्रानं माझा पोरगा खाल्ला, मी त्याचं काही खाणार नाही, असं ते म्हणाले होते. मग मीही सोडलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मालकीण मोठ्या हंड्यातून ऑक्टोपस काढून कात्रीनं कापत होती. "काय आजोबा, पोरगी दमली, तुम्ही मात्र नवरदेवासारखे ताजे!"

त्यांनी लाकडी थाळी माझ्यासमोर सरकवली. वर तेल, लाल तिखट, जाडं मीठ.

"हे कशाला, बाबा?"

"तुझ्या लग्नात तू दोन थाळ्या संपवल्यास. तुझी आई लाजेनं लाल झाली होती. चार वर्षं घरात वाससुद्धा येऊ दिला नाहीस. आता त्या लुगोवाल्याकडे पोटभर खा."

तुकडे टोचायची काडी मी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? फोन आला की गोठ्यात पळतेस. गोठ्यात आता गाय तरी आहे का?" त्यांनी थाळी आणखी पुढे सरकवली. "तो समुद्रावर जातो?"

"नाही. विजेची कामं करतो."

"मग बरंय."

त्यांनीही एक तुकडा तोंडात टाकला. खूप वेळ चावला. मग रुमालात काढून ठेवला.

"नाही उतरत गं घशाखाली. तू खा. गार झाला की रबर होतो."

मी रडत रडत सगळी थाळी संपवली. चव फार छान होती, आणि त्याचीच मला लाज वाटली.

बसथांब्यावर ते म्हणाले, "ब्राइसच्या कबरीवर मी जात जाईन. तू लुगोहून धावत येऊ नकोस."

"येईन की, बाबा."

"नको. तिथं आलीस की तू त्याची बायको होतेस. ते त्या माणसाला बरं नाही, आणि मलाही झेपायचं नाही."

मी बसमध्ये चढले. बस सुटली तेव्हा ते वाकून बुटाची नाडी बांधत होते. वर बघितलं नाही.

चौथ्या दिवशी सांतियागोहून त्यांचा फोन आला. "पोचलो," एवढंच बोलले. सप्टेंबरात आमचं लग्न झालं. चर्चमध्ये पुढच्या बाकावरची त्यांची जागा मी शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही. ते आले नाहीत.