जाकिटातला साबण

टप्.

माझी लेक उर्वी दुपारची झोपली की घर इतकं शांत होतं, की लोट्यातून पडलेला थेंबही वाजतो. महांतेशचं पावसाळी जाकीट मी बाजेवर पसरलं होतं आणि खांद्याच्या शिवणीपाशी थेंब टाकून बघत होते. थेंब क्षणभर फुगून उभा राहिला. मग कापडानं पिऊन टाकला.

कालच तर सगळं केलं होतं. धुतलं, पाणी न झिरपायचं औषध फवारलं, वरून फडकं घालून कोमट इस्त्री फिरवली. महांतेश, माझा नवरा, लाइनमन आहे. मागच्या आठवड्यात रेणापूर रोडला तार तुटली, तेव्हा याच जाकिटात आतपर्यंत भिजून आला आणि तापानं फणफणला. आज संध्याकाळी पुन्हा ड्यूटी, आभाळ सकाळपासूनच भरलेलं, आणि बाटलीत एका वेळेपुरतंच औषध.

ओला डाग बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. जोरात चोळल्यावर बारीक फेस आला.

मला कळलं. औषध चांगलं होतं, साबणच निघाला नव्हता. साबण राहिला की कापड पाणी ओढणारच. तो निघेपर्यंत खळबळायला हवं होतं आणि मी एका बादलीत उरकलं होतं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा पाणी जपून वापरायची पहिली हीच सवय लागली.

मी नळाखाली दुसरी बादली लावली, तशा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई दानम्मा, दारात आल्या.

"काय करायलीस गं अंजू? काल धुतलं की ते."

"साबण राहिलाय आत्या. तीन-चार पाण्यांतून काढावं लागंल."

"तीन-चार? हितं तुझी नांदेडची गोदावरी न्हाई, बाई! दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं त्या साली तोंड धुतलेलं पाणीबी जास्वंदीला घातलंय मी."

"मग हे पाणीबी कामाला लावू. पण जाकीट असंच ऱ्हायलं, तर आज तुमचा लेक पुन्हा भिजून येईल."

आत्यांनी पदर खोचला, मला बाजूला सारलं आणि त्या बादलीपाशी बसल्या.

"सर. तुझे हात म्हंजे फुलं वेचायचे."

जाकीट बुडवायच्या, दाबायच्या, उचलायच्या. एक पाणी संडासात गेलं, एक पायऱ्यांवर. मला वाटलं, झालं आता. तर त्यांनी बाही बोटांत चोळून बघितली.

"अजून गुळगुळीत लागतंय. आण आणखी एक."

"आत्या, टाकी..."

"टाकीचं मी बघते. आण म्हणलं ना!"

ओल्या जाकिटावरच मी उरलेलं औषध मारलं, आधी खांदे, मग बाह्या, शिवणींवर जरा जास्त. ओघळ फडक्यानं टिपले. पंख्याखाली वाळवलं आणि कालच्यासारखीच इस्त्री फिरवली. आत्या मागे उभ्या राहून "जाळशील बरं, जाळशील" करत होत्या. मी जाळणार नव्हते. हात कसा चालवायचा ते मला माहीत होतं.

मग आत्यांनीच लोटा उचलला आणि खांद्यावर ओतला. पाण्याचे मणी झाले, घरंगळत फरशीवर गेले. खालचं कापड कोरडं ठणठणीत.

"आगं बया," आत्या म्हणाल्या, "अळूचं पानच की!"

महांतेशचा फोन वाजला तेव्हा बाहेर सरी सुरू झाल्या होत्या. मुरूडकडची लाइन गेली होती. त्यानं जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, हात वरखाली करून पाहिले.

"नवंच केलंस की गं!"

"नवं न्हाई, नीट धुतलंय," आत्या त्याला म्हणाल्या. "तुझ्या बायकोनं."

गाडी चालू झाली. उर्वी डोळे चोळत माझ्या कडेवर आली. महांतेश फाटकातून बाहेर पडला, त्याच्या पाठीवरून पाणी सरसर निसटत होतं. मी ऊर भरून बघत राहिले. समोरचे शेजारी मात्र गाडी आत घेऊन दार लावत होते.

"आई," उर्वीनं माझी हनुवटी आपल्याकडे वळवली. "पाऊस आला की सगळ्यांचे पप्पा घरात येतात. आपलेच पप्पा बाहेर का जातात?"